वजाचं बटण

सकाळी ६.०५

धायरीतलं दोन खोल्यांचं घर. ताई उठल्या उठल्या आधी टॅब बघते. रात्रभर चार्जिंगला होता, शंभर टक्के झालाय. पॉवरबँकही भरली आहे. आज गुरुवार. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार. दहाच्या सुमारास वीज गेली की ती येईल तेव्हा खरी. टॅब थेरपी सेंटरचा आहे, पॉवरबँक तिची स्वतःची, बाराशे रुपयांची.

तिचं वय अठ्ठावीस. विशेष शिक्षणातली पदविका, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, आणि स्वमग्न मुलांसोबतची पाच वर्षं. मुलं तिला ताई म्हणतात. जी बोलत नाहीत त्यांचे आईबाप म्हणतात. इथेही तेच नाव राहू दे. मुलांची नावं लिहीत नाही.

डबा भरते. पोळी, शेपूची भाजी. दुसऱ्या छोट्या डब्यात कुरमुरे. ते तिच्यासाठी नाहीत.

७.४०

बस. महिन्याचा पास १५०० रुपयांचा. उभ्यानेच टॅब उघडून आजची पाच मुलं आणि त्यांची लक्ष्यं वाचून घेते. लक्ष्यं सेंटरच्या मॅडम ठरवतात. नोंदी ठेवायच्या अॅपचे मेनू इंग्रजीत, पण लक्ष्यं मराठीत टाईप केलेली: ‘बुडबुडे मागणे’, ‘नावाला वळणे’, ‘नको म्हणणे’. दांडेकर पुलाला उतरते.

८.३०

सेंटर म्हणजे तळमजल्यावरचा जुना फ्लॅट. तीन खोल्या, फोमच्या चटया, छोटी टेबलं. प्रत्येक मुलाचा एक प्लास्टिकचा डबा, त्याला आवडणाऱ्या वस्तूंचा. एका डब्यात भोवरा, एकात फक्त बसची खेळणी, एकात स्टीलचे तीन चमचे, कारण त्या मुलाला चमचेच आवडतात. बुडबुड्यांची बाटली वीस रुपयांची, आठवड्याला दोन लागतात. चित्रं छापायची, लॅमिनेट करायची, मागे वेल्क्रो चिकटवायचं. एका चित्राला पंधराएक रुपये पडतात, आणि मुलं ती चावतात. बिलं एका पाकिटात साठतात. महिनाअखेरीस मॅडम पैसे देतात.

टॅबला जाड रबरी कव्हर आहे, मागे पट्टा. ताई तो डाव्या हातात अडकवते. उजवा हात मुलासाठी मोकळा. बटणं दाबायची ती डाव्या अंगठ्याने, न बघता. हे जमायला तिला दोन महिने लागले. पडदा अॅपवरच कुलूपबंद केलेला असतो, कारण मुलाच्या हाती टॅब लागला तर ते थेट यूट्यूब शोधतं.

पडद्यावर तीन मोठी बटणं. अधिक, म्हणजे मुलाने आपणहून केलं. पी, म्हणजे प्रॉम्प्ट, मदतीने केलं. वजा, म्हणजे केलं नाही किंवा चुकलं. पी दाबलं की आणखी चार पर्याय उघडतात: हात धरून, नुसता स्पर्श, बोट दाखवून, बोलून. मदत उतरत उतरत शून्यावर आणायची. सगळं काम या उतरणीचं.

९.००

पहिलं सेशन. चार वर्षांची मुलगी, आजीचं बोट धरून येते. चपला दारात. आजी बाहेरच्या खोलीत, काचेपलीकडे. पंचेचाळीस मिनिटांचे सातशे रुपये.

ताई खाली मांडी घालून बसते. बाटली उघडते, एकदा फुंकर मारते. बुडबुडे वर जातात, मुलगी हात उडवून उड्या मारते. ताई बाटली बंद करून दोन्ही डोळ्यांच्या मध्ये धरते आणि थांबते. मनात पाच मोजते. हे थांबणं फार अवघड आहे. मोठ्या माणसाला मूल गप्प दिसलं की आपण बोलावंसं वाटतं.

मुलगी ताईचं मनगट ओढते. ताई हलत नाही. पाच झाले. ताई ओठ मिटते, ‘ब’चा आकार करते, आवाज न काढता. मुलगी बघते. “बु.” लगेच फुंकर. अंगठा पीवर.

दुसरी वेळ. बाटली बंद, थांबणं. दोन, तीन. “बु!” आपणहून. बुडबुडे, टाळ्या, ताईचं मोठं हसू. अंगठा अधिकवर.

तिसरी वेळ. मुलगी किंचाळते आणि पाठ करते. ताई थांबते. ओठांचा आकार दाखवते. मुलगी बघतच नाही. अंगठा वजावर.

हे तिन्ही मिळून एक मिनिटही झालं नाही. अशा बावीस खेपा. मधे मधे बाटली ठेवून नुसतं खेळायचं, गुदगुल्या, चादरीत गुंडाळणं, उशीवर पडणं. पंचेचाळीस मिनिटांनंतर टॅब सांगतो: बावीसपैकी नऊ आपणहून, ४१ टक्के. मंगळवारी ३३ होते. आलेखावर एक ठिपका वाढतो, रेघ थोडी वर सरकते. सलग तीन सेशन ८० टक्क्यांवर, तेही दोन वेगवेगळ्या थेरपिस्टसोबत, असं झालं की ते लक्ष्य पूर्ण धरायचं. हा इथला नियम.

माझ्या मते या तीन बटणांतलं सगळ्यात अवघड बटण वजाचं. आजी काचेमागून बघते आहे. महिनाअखेरीस आलेख आईबापांच्या फोनवर जाणार आहे. मूल ‘जवळजवळ’ बोललं होतं, ओठ हलले होते. पण ‘जवळजवळ’ला बटण नाही. ताईचा अंगठा वजावर जातो आणि चेहरा बदलत नाही. मुलाला तो वजा कळता कामा नये. हे मी त्या सेशनमध्ये पुन्हा पुन्हा बघितलं, आणि माझ्या लेखी तिचं खरं कसब ते आहे.

मागच्या वर्षी एक नवी मुलगी कामाला लागली होती. तिचे आलेख सुंदर यायचे. प्रत्येक खुणेला अॅप वेळेचा शिक्का मारतं, तो मॅडमनी बघितला. वीस खुणा, सगळ्या सेशनच्या शेवटच्या मिनिटात. ती मुलासोबत झटायची आणि शेवटी आठवून भरायची. आठवण नेहमी अधिककडे झुकते. मॅडम रागावल्या नाहीत. आठवडाभर तिला ताईशेजारी बसवलं, अंगठा शिकायला. आता ती चांगलं काम करते, आलेख आधीपेक्षा खाली आहेत.

१०.१०

वीज गेली. पंखे थांबले, राउटर बंद. टॅब चालू आहे. नेट नसलं की खुणा त्यातच साठतात, नंतर वर जातात. वरच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका येतो, एवढंच.

दोन मिनिटांत शेजारच्या इमारतीचा जनरेटर सुरू होतो. घरघर खिडकीतून आत येते. आणि बरोबर या वेळी दुसरा मुलगा येतो. सात वर्षांचा, बसवेडा, पीएमपीच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ.

या मुलाची गोष्ट सांगायलाच हवी. तो स्वतःच्या कानशिलावर मारून घ्यायचा, मुठीने, जोरात. तेव्हा सेंटरमध्ये कागदच होते. प्रत्येक थेरपिस्टच्या हातात टॅली काउंटर, गर्दीत माणसं मोजायला असतो तसला, दीडशे रुपयांचा. सेशन संपलं की आकडा कागदावर, कागद फायलीत, आठवड्याची बेरीज वहीत. बेरीज कधी चाळीस, कधी सत्तर. मारण्याआधी काय झालं, नंतर काय झालं, हेही लिहायचे. बहुतेक नोंदी एकसारख्या: ‘काम दिलं, मारून घेतलं, काम थांबवलं.’ त्यावरून निष्कर्ष निघाला की तो काम टाळायला मारून घेतो. असा निष्कर्ष निघाला की उपाय ठरलेला असतो: मारलं तरी काम सोडू द्यायचं नाही, शांतपणे पूर्ण करून घ्यायचं. चार महिने तसं केलं.

मग टॅब आले. जुने कागद ताईने संध्याकाळी बसून भरले, तारखेनिशी. अॅपमध्ये वारानुसार स्तंभ काढायची सोय आहे. मॅडमनी एक दिवस सहज ते दाबलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार बुटके. गुरुवारचा स्तंभ उंच, एकटा. सेशनला तीसच्या वर.

मुलगा काम टाळत नव्हता. त्याला जनरेटरचा आवाज असह्य होत होता, ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि त्या आवाजात त्याला टेबलापाशी बसवून ठेवलं जात होतं. आकडे कागदावरही खरेच होते. वार बेरजेत बुडाले होते.

बोहरी आळीतून कारखान्यात वापरतात तसले कानावरचे मफ आणले, ३५० रुपयांचे. गुरुवारी त्याचं सेशन आतल्या खोलीत होतं, खिडकी नसलेल्या. आज दारातच ताई मफ पुढे धरते. तो स्वतः डोक्यावर चढवतो. आत जाऊन बसची चित्रं नंबराप्रमाणे लावतो. ताई कार्डावर बोट ठेवते: ‘आवाज नको.’ तो कार्ड उचलून तिच्या हातात देतो. अधिक. हे लक्ष्य मुद्दाम घातलंय. मारून घेणं कमी करायचं तर त्या जागी सांगायला काहीतरी हवं.

आज पंचेचाळीस मिनिटांत तीन वेळा मारून घेतलं. ताई तिन्ही मोजते.

११.३०

तिसरं मूल. रंग ओळखणं. ‘लाल दे, पिवळा दे.’ इथेही टॅबने एक गोष्ट उघडी पाडली होती. दोन आठवडे ९० टक्के, मग दुसऱ्या थेरपिस्टकडे ५०. दोनच कार्डं असली तर ५० म्हणजे नुसता अंदाज. खुणा कोणी केल्या हे अॅपला माहीत असतं, दोघींच्या वेगळ्या काढल्या. पहिलीचा हात नकळत बरोबर कार्ड उजवीकडे ठेवत होता. मूल उजवी बाजू शिकलं होतं, लाल नाही. आता कार्ड कुठे ठेवायचं ते पडदाच सांगतो. लक्ष्य शून्यापासून सुरू झालं. आईला ते सांगायचं काम मॅडमनी स्वतः केलं.

आज ५५ टक्के.

१.१५

डबा. वीज नाहीच. तिघी थेरपिस्ट फरशीवर बसून जेवतात, फरशी थंड म्हणून. ताईचा पगार २१ हजार. सुरुवात तेरापासून झाली. सेशनचे सातशे ऐकायला मोठे वाटतात. त्यातून जागेचं भाडं, तिघींचे पगार, मावशींचा पगार, आणि आता सॉफ्टवेअर. त्याचं भाडं डॉलरमध्ये, दर मुलामागे, दर महिन्याला. म्हणून सगळी मुलं अॅपवर नाहीत. उरलेल्यांच्या खुणा अजून कागदावर होतात आणि शनिवारी कोणीतरी त्या एक्सेलमध्ये भरतं. कोणीतरी म्हणजे बहुधा ताई.

एकीला या थेरपीसाठी अमेरिकेतल्या मंडळाची परीक्षा द्यायची होती. २०२३ पासून त्यांनी भारतातले नवे अर्ज घेणं बंद केलं. तिने पुस्तकं मात्र ठेवली आहेत, सगळ्या वाचतात. त्यात मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांचा १९८७ चा अभ्यास आहे: आठवड्याला चाळीस तास थेरपी मिळालेली १९ मुलं, त्यांतली ९ साध्या शाळेच्या पहिलीत गेली आणि बुद्ध्यांकातही इतरांच्या बरोबरीला आली. या आकड्यावर जगभर सेंटरं उभी राहिली. त्याच अभ्यासात मोठ्याने ‘नो’ म्हणणं आणि मांडीवर चापट मारणंही पद्धतीचा भाग होतं. आज मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक या थेरपीबद्दल राग धरून आहेत आणि तो राग समजण्यासारखा आहे. इथे चापट नाही, रडत्या मुलाला बसवून ठेवणं नाही. पण मोजायचं काय, हे अजूनही मोठी माणसंच ठरवतात.

जेवण वीस मिनिटांत आटोपतं. चहा दहा रुपयांचा, टपरीवरून.

२.१०

पालकांची भेट. मॅडम, ताई, आई आणि बाबा. बाबा अर्धी रजा टाकून आलेत. टॅब टेबलावर आडवा ठेवलेला.

“मॅडम, एकूण किती टक्के सुधारला?” बाबा विचारतात.

“एकूण असा आकडा नसतो,” मॅडम म्हणतात. “हे पाणी मागणं, हे ८५ टक्के. हे बूट घालणं, ४० टक्के. मुलाचा टक्का आम्ही काढत नाही.”

बाबांना अजून एक आकडा पाठ आहे. सरकारी दाखल्यासाठी झालेल्या तपासणीचा. ती मोजपट्टी म्हणजे इसा, तिच्यात ४० विधानं असतात, बेरीज ७० किंवा वर गेली की स्वमग्नता धरतात. दाखल्याला तो आकडा लागतो. रोजच्या कामाला त्याचा उपयोग थोडा.

आई खाली बघत विचारते, “डोळ्यात बघणं काढून टाकलंत का हो ताई? आधी होतं यादीत.”

ताई सांगते, “हो ताई. डोळ्यात बघायला लावलं की त्याचं ऐकणं थांबायचं. आकड्यांतच दिसलं. आता तो माझ्या हाताकडे बघतो आणि सगळं ऐकतो. म्हणून ‘हाक मारली की थांबणे’ एवढंच ठेवलंय.”

आई मान डोलावते. पूर्ण पटलेलं नाही. लग्नकार्यात लोक काय म्हणतात ते तिला ऐकावं लागतं, ताईला नाही.

मग संमतीचा कागद. २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. मॅडम कागद वाचून दाखवतात: कोणाला दिसतं, कुठे साठतं, व्हिडिओ किती दिवस ठेवतो. बाबा विचारतात, शाळेला कळेल का? तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. सही होते.

३.४०

वीज आली. राउटरचे दिवे लागले, नारिंगी ठिपका हिरवा झाला. सकाळच्या खुणा वर गेल्या.

नऊ वर्षांचा मुलगा, शब्द नाहीत. त्याच्या आईच्या जुन्या फोनवर जेलो आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेलं मोफत अॅप. चित्र दाबलं की फोन मराठीत बोलतो. तो आज ताईला चित्रांतून सांगतो: नको. मग: बाहेर. ताई अधिक दाबते आणि त्याला खरंच बाहेर घेऊन जाते, अंगणात, दहा मिनिटं. ‘नको’ म्हटल्यावर कोणी ऐकलंच नाही तर ‘नको’ शिकवण्यात अर्थ नाही.

५.५०

बसने वडगाव बुद्रुक. घरचं सेशन. सहाशे रुपये, त्यातले साडेतीनशे ताईचे. पगाराशिवाय मिळणारे एवढेच, आठवड्यातून तीनदा.

आज दात घासणं. न्हाणीघरात ताई, मुलगा, आई, तिघं दाटीने. अॅपमध्ये या कामाच्या बारा पायऱ्या आहेत: ब्रश उचलणं, पेस्टचं झाकण उघडणं, पेस्ट लावणं, खालचे दात, वरचे दात, आणि शेवटी चूळ भरून ब्रश जागेवर ठेवणं. शिकवायचं शेवटून. आधी फक्त ब्रश जागेवर ठेवणं त्याचं, बाकी सगळं हात धरून. मग चूळ. मग त्याआधीचं. म्हणजे प्रत्येक वेळी काम त्याच्याच हाताने संपतं.

तो दहाव्या पायरीवर अडकतो. पेस्ट गिळतो. आई म्हणते, “अरे थुंक ना, थुंक!” ताई आईच्या हातावर हात ठेवते, काही बोलत नाही. स्वतः पाणी तोंडात घेते, गाल फुगवते, थुंकते. मुलगा हसतो. पाणी घेतो, गिळतो. वजा. पुन्हा घेतो, गिळतो. वजा. तिसऱ्यांदा अर्धं अंगावर, अर्धं बेसिनमध्ये. ताईने आकार दाखवला होता, म्हणून पी.

आईचा गाऊन ओला, ताईची सलवार ओली. ताई आईला तिच्या फोनवर तेच पान उघडून देते. उद्या सकाळची खूण आईने करायची. “गिळलं तर गिळलं लिहा ताई. चांगलं दिसावं म्हणून अधिक नका दाबू. मला मग चुकीचं शिकवावं लागतं.”

८.४५

घर. भात, आमटी. टॅब पुन्हा चार्जिंगला. राहिलेल्या खुणा हॉटस्पॉटवरून वर जातात, नेट तिच्या रिचार्जमधलं. टिपणं ती बोलून लिहिते, मराठीतच. ‘गुरुवार. जनरेटर दहा बाराला सुरू. मफ स्वतः घातले.’ फोन ‘मफ’चं ‘माफ’ करतो, ती दुरुस्त करते.

दिवसाची बेरीज पडद्यावर येते. २१२ खुणा. अधिक ८४, मदतीने ५७, वजा ७१. एकेक उघडून बघते, कुठे अंगठा घसरला असेल तर. एका ठिकाणी घसरला होता. बदल केला की अॅप त्याचाही शिक्का ठेवतं, जुनी खूण आणि नवी, दोन्ही. उद्या नऊला पहिलं सेशन.

तुमच्या घरातलं किंवा नात्यातलं मूल अशा थेरपीला जात असेल तर महिन्यातून एकदा त्याचे आलेख बघायला मागा. टक्के नंतर विचारा. आधी विचारा, काय मोजताय, ते कोणी ठरवलं, आणि वजा कुठे आहेत. वजा एकही दिसला नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे भरण्याआधी एकदा सेशनला जाऊन काचेपलीकडे बसा.